घुमा ते इंट्रोव्हर्ट: थोडी पार्श्वभूमी

गप्प माणसासाठी मराठीत शब्दांची कमी कधीच नव्हती, अबोल, मितभाषी, मुखदुर्बळ, आतल्या गाठीचा, घुमा, आणि प्रत्येकात एक शेरा मारून ठेवलेला. मितभाषी म्हटलं की कौतुक, मुखदुर्बळ म्हटलं की कीव, आतल्या गाठीचा म्हटलं की जरा जपून. नाशकात बोलताना मात्र पटकन तोंडात येतो तो घुमाच. पंचवटीतली एखादी मावशी स्थळाची चौकशी करताना "मुलगा कमी बोलतो का" असं नाही विचारणार, "घुमा नाहीये ना?" म्हणेल, कारण घुम्याबद्दलची तक्रार गप्प बसण्याची नसतेच, मनात काय शिजतंय ते कळत नाही ही असते. (पारवा घुमतो, अंगात आलं की माणूस घुमतो, तिथे सगळा आवाजच, आणि घुमा तेवढा चिडीचूप!)

खरा घोळ आहे अंतर्मुख या शब्दाचा. आपल्याकडे तो आधीपासून होता, पण अध्यात्मातला. विषयांमागे धावणारं मन आत वळवायचं, म्हणजे ती कमवायची अवस्था, जन्मजात स्वभाव नाही. आपल्या टाकळीला बारा वर्षं तप करून नंतर गावोगाव फिरून लोकांना खडसावणारे समर्थ याच अर्थाने अंतर्मुख, त्यांना अबोल कोण म्हणेल? मग 1921 साली एका स्विस मानसोपचारतज्ज्ञाने जर्मन पुस्तकात इंट्रोव्हर्ट-एक्स्ट्रोव्हर्ट मांडलं आणि मराठी मानसशास्त्राने त्यासाठी अंतर्मुख-बहिर्मुख ही जोडी घेतली. साधनेचा शब्द स्वभावाला चिकटवला असा आक्षेप यावर घेता येतो, पण मला तरी निवड चुकीची वाटत नाही, कारण त्या मूळ मांडणीतही मुद्दा किती बोलतो हा नव्हताच, मनाची ऊर्जा बाहेर वळते की आत हा होता. गडबड पुढे झाली, आपण तो शब्द सरळ गप्प माणसावर डकवला, त्यामुळे तासभर गप्पा हाणून घरी आल्यावर दमणारा खरा इंट्रोव्हर्ट कुणाला पटतच नाही.

आता तर बायोडेटापासून इन्स्टाच्या बायोपर्यंत सगळेच इंट्रोव्हर्ट, 2020 च्या लॉकडाऊनमध्ये तर मीम्सचा पूरच आला होता. घुमा असल्याची लाज वाटायची, इंट्रोव्हर्ट अभिमानाने लिहितात. फक्त मुलींच्या वाट्याला अजून शिष्टच येतो. शिष्टाचार, शिष्टमंडळ यातला हा भारदस्त शब्द, पण कॉलेज रोडवर ग्रुपमध्ये एखादी गप्प बसली की "फार शिष्ट आहे ती", आणि तेवढीच गप्प बसणारी पोरं मात्र डीप.