लुकांग : बंदर बुजल्यानंतरचे गाव

तैवानच्या पश्चिम किनाऱ्यावर, चांगहुआ जिल्ह्यात, सुमारे ८५ हजार वस्तीचे लुकांग हे नगर आहे. नावाचा अर्थ ‘हरणांचे बंदर’. आसपासच्या मैदानात आता रानटी हरणे उरलेली नाहीत आणि ज्या बंदरामुळे गाव नावारूपाला आले तेही गाळाने केव्हाच भरून गेले. तरीही तैवानचा जुना काळ पाहायचा तर लोक येथेच येतात. लुकांगचे वैभव बंदराने घडवले हे खरे. मात्र ते आजवर टिकले त्याचे बरेचसे श्रेय बंदर बुजण्याला द्यावे लागते, आणि हा इतिहास समजून घेतल्याशिवाय येथील देवळांचा व गल्लीबोळांचा अर्थ लागत नाही.

सतराव्या शतकात हा प्रदेश बाबूझा या मूळ रहिवाशांचा होता. दक्षिणेत आजच्या तायनानजवळ १६२४ ते १६६२ या काळात डच ईस्ट इंडिया कंपनीचे ठाणे होते, आणि मैदानातील ठिपकेदार हरणांची कातडी जहाजे भरभरून जपानला रवाना होत. पुढे समुद्रापलीकडच्या चीनमधील फूच्येन प्रांतातून, विशेषतः च्युआन्चौ भागातून, शेतकरी व व्यापारी येऊन स्थिरावले. कुरणांची भातखाचरे झाली आणि कातड्यांच्या जागी तांदूळ हा मुख्य माल ठरला. १७८४ मध्ये, तेव्हा चीन व तैवानवर राज्य करणाऱ्या छिंग घराण्याच्या सरकारने लुकांग आणि च्युआन्चौजवळचे हानच्यांग यांच्यात थेट व्यापाराला अधिकृत परवानगी दिली, आणि त्यानंतरची साठ-सत्तर वर्षे हा गावाचा सुवर्णकाळ ठरला. येथून तांदूळ व साखर जाई. परतीच्या जहाजांतून कापड, लाकूड, विटा आणि घडीव दगड येत. ‘पहिले तायनान, दुसरे लुकांग, तिसरे बांका’ ही म्हण त्याच काळातली. यातील बांका म्हणजे आजच्या तायपेईचा जुना भाग.

सारा कारभार व्यापाऱ्यांच्या संघांच्या हाती होता. अशा आठ संघांपैकी च्युआन्चौशी व्यापार करणारा संघ सर्वांत प्रबळ मानला जाई. आपल्याकडच्या जुन्या पेठांतील महाजनांप्रमाणे ही मंडळी केवळ मालाचे भाव ठरवून थांबत नसत. देवळे बांधणे, तंटे सोडवणे, अडल्यानडल्याला मदत करणे हीही त्यांचीच कामे होती. च्युआन्चौचा ठसा येथील बोलीच्या हेलातून अजून ऐकू येतो. ‘निम्मे लुकांग शी आडनावाचे’ असे गावकरी आजही म्हणतात.

गावाच्या समृद्धीची सर्वांत मोठी खूण म्हणजे लुंगशान मंदिर. परंपरा त्याची स्थापना १६५३ मध्ये झाल्याचे सांगते. सध्याच्या जागी ते १७८६ मध्ये आले. मंदिर क्वानयिनचे, म्हणजेच मुळात आपल्या अवलोकितेश्वराचे आहे. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात अष्टमहाभयांपासून भक्तांना तारणारा अवलोकितेश्वर कोरलेला आहे आणि त्या भयांमध्ये जहाज बुडण्याचे भयही आहे. जिवावर उदार होऊन सामुद्रधुनी ओलांडणाऱ्या दर्यावर्दींनी त्याच करुणामूर्तीला येथे का पुजले असेल, हे त्या लेण्यासमोर उभे राहिलेल्या मराठी माणसाला वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मंदिराच्या नाट्यमंडपात उभे राहून वर पाहावे. लाकडी तोडे एकावर एक थरांनी रचत, अष्टकोन वर वर लहान करत नेलेले छत मध्यबिंदूशी मिटते. सारा भार खाच आणि कुसू यांच्या सांध्यांवर पेललेला आहे, कोठेही लोखंडी खिळा नाही. २१ सप्टेंबर १९९९ च्या भूकंपात या मंदिराची मोठी हानी झाली आणि त्याच्या जीर्णोद्धाराला अनेक वर्षे लागली.

दर्यावर्दींची दुसरी माउली म्हणजे समुद्रदेवी मात्सू. शी लांग या छिंग सेनापतीने १६८३ च्या तैवान मोहिमेत मेइचौ बेटावरील मूळ मंदिरातून आणलेली मूर्ती थ्येनहौ मंदिरात आहे, अशी श्रद्धा आहे. पिढ्यान्‌पिढ्यांच्या उदबत्त्यांच्या धुराने तिचा चेहरा काळाभोर झाला आहे. गावात मात्सूचे आणखी एक मंदिर आहे आणि त्यामागे राजकारण आहे. १७८६ मध्ये छिंग राजवटीविरुद्ध लिन श्वांगवनचे बंड पेटले तेव्हा ते मोडण्यासाठी निघालेला सेनापती फूखांगआन १७८७ मध्ये लुकांगलाच उतरला. समुद्र सुखरूप पार झाल्याबद्दल कृतज्ञता म्हणून सरकारी खर्चाने हे दुसरे मंदिर उभारण्यात आले.

गावाची रचना मात्र देवापेक्षा वाऱ्याने ठरवली. शरद सरता सरता ईशान्येकडून येणारा वारा किनाऱ्यावरची वाळू उडवत गावात घुसतो. त्याचा जोर मोडावा म्हणून गल्ल्या मुद्दाम वाकड्या ठेवल्या गेल्या. लुटारूंपासून बचाव हेही एक कारण सांगितले जाते. चिनशंग गल्लीतून चालताना प्रत्येक वळणावर वाऱ्याचा आवाज कमी होत जातो आणि लाल विटांच्या भिंती अंगाशी येतात. मुख्य बाजारपेठेवर तर छप्परच होते, म्हणून तिला ‘आभाळ न दिसणारा रस्ता’ म्हणत. पुढे तैवानवर आलेल्या जपानी राजवटीत (१८९५ ते १९४५), १९३० च्या दशकात, रस्ता रुंद करताना ते छप्पर काढले गेले.

याओलिन रस्त्यावरील ‘अर्धी विहीर’ मला या सर्वांपेक्षा मोलाची वाटते. वांग घराण्याच्या वाड्याची भिंत विहिरीच्या काठावरून अशी गेली आहे की अर्धी विहीर अंगणात येते आणि अर्धी रस्त्यावर. ज्यांना स्वतःची विहीर खणणे परवडत नसे, त्यांनी दार न वाजवता, कोणाच्या उपकाराखाली न येता पाणी शेंदावे, यासाठी ही योजना होती. श्रीमंतीचा इतका संकोची आणि इतका सुंदर उपयोग क्वचितच पाहायला मिळतो.

एकोणिसाव्या शतकात उतरती कळा लागली. दक्षिणेकडील जुओश्वेई नदीच्या नावाचाच अर्थ ‘गढूळ पाणी’. तिच्या पुरांबरोबर आलेल्या गाळाने खाडी उथळ होत गेली. परकीय व्यापारासाठी खुल्या झालेल्या बंदरांत लुकांगचा समावेश नव्हता. १९०८ मध्ये उत्तर-दक्षिण लोहमार्ग पूर्ण झाला तोही चांगहुआवरून गेला, लुकांग बाजूलाच राहिले. व्यापार आटला आणि त्याबरोबर जुनी घरे पाडून नवी बांधण्याची निकडही उरली नाही.

या पडत्या काळातही एक घराणे मात्र वर चढले. १८९५ मध्ये जपानी सैन्याला तायपेईत येण्याचा मार्ग मोकळा करून देणाऱ्या कू श्येनरोंगला मीठ, कापूर यांसारख्या व्यवसायांत सवलती मिळाल्या आणि तो तैवानमधील मोठा धनिक झाला. त्याच्याविषयीचे मत आजही दुभंगलेले आहे. त्याच्या पाश्चात्त्य धाटणीच्या भव्य हवेलीत कुटुंबाच्या देणगीतून १९७३ मध्ये लोककला संग्रहालय सुरू झाले. हवेलीमागे जुने फूच्येन शैलीचे घरही जपलेले आहे. दोन्ही एका फेरीत पाहता येतात, ही मोठी सोय.

लाकडी कोरीवकाम, कागदी कंदील, कथलाच्या वस्तू आणि उदबत्त्या या कलांनाही येथे अखंड परंपरा आहे, कारण देवळांची मागणी कधी थांबली नाही. ‘युचनचाय’ हे मिठाईचे दुकान १८७७ पासूनचे. त्यांची डोळ्याच्या आकाराची तांदूळपिठाची वडी जिभेवर ठेवताच विरघळते.

गावाबद्दलचा हा जिव्हाळा १९८६ मध्ये कसोटीला लागला. किनाऱ्यावरील चांगबिन औद्योगिक वसाहतीत अमेरिकेच्या ड्युपॉन्ट कंपनीचा टायटॅनियम डायऑक्साइडचा कारखाना येणार होता. प्रदूषणाच्या भीतीने गावकरी जूनमध्ये रस्त्यावर उतरले. तेव्हा तैवानमध्ये लष्करी कायदा लागू होता आणि मोर्चा काढणे हाच गुन्हा होता. मार्च १९८७ मध्ये कंपनीने बेत सोडला. त्याच वर्षी १५ जुलैला लष्करी कायदाही उठला. पुढे त्याच चांगबिनच्या लुकांगकडील भागात मात्सूचे एक नवे मंदिर बांधले गेले. त्यासाठी सुमारे ७० हजार काचा वापरल्या आहेत आणि ते उभे आहे ती जमीन समुद्रात भर टाकून मिळवलेली आहे.