पीएच ओळखणारं हायड्रोजेल

फालुद्यातला सब्जा भिजला की फुगतो आणि त्याच्याभोवती गिळगिळीत थर येतो, साधारण तसंच भरपूर पाणी धरून ठेवणारं पण स्वतः न विरघळणारं पॉलिमरचं, म्हणजे लांबच लांब रेणूंचं, जाळं म्हणजे हायड्रोजेल. त्यातलं जे आजूबाजूचा पीएच (आम्लतेचं माप, जितका कमी तितकं अ‍ॅसिड जास्त) बघून फुगतं नाहीतर आकसतं ते औषध पोटात नेमक्या जागी सोडायला वापरता येतं, कारण उपाशीपोटी जठरात पीएच साधारण 1 ते 3 असतो आणि लहान आतड्यात तो 6 पासून वाढत शेवटाला 7.4 च्या आसपास जातो.

पॉलिमेथाक्रिलिक अ‍ॅसिडसारख्या जेलमध्ये कार्बोक्झिल गट (प्रोटॉन सोडू शकणारे अणूंचे गट) असतात, जठरातल्या अ‍ॅसिडमध्ये त्यांच्यावर चार्ज नसतो म्हणून जाळं घट्ट मिटलेलं राहतं आणि औषध आत कोंडून राहतं, पुढे आतड्यात आलं की गटांमधला प्रोटॉन निघून जातो, सगळ्यांवर ऋण चार्ज येतो, ते एकमेकांना ढकलतात, पाणी आत शिरतं आणि औषध बाहेर पडायला लागतं. कायटोसान या दुसऱ्या पॉलिमरचं बरोबर उलटं, ते अ‍ॅसिडमध्येच फुगतं, त्यामुळे जठरातच औषध द्यायचं असेल तर ते कामाचं.

करून बघायला सगळ्यात सोपं अल्जिनेट. हे तपकिरी समुद्री शेवाळातून काढतात, त्याचं द्रावण सिरिंजने थेंब थेंब कॅल्शियम क्लोराइडमध्ये सोडलं की प्रत्येक थेंबाचा पडल्या पडल्या गोल मणी होतो, हा मणी अ‍ॅसिडमध्ये आकसतो आणि आतड्यासारख्या फॉस्फेटवाल्या द्रावणात फुगून विस्कटतो.

या सगळ्या खटाटोपामागचं मोठं स्वप्न म्हणजे तोंडाने घ्यायचं इन्सुलिन, रोज सुई टोचून घेणाऱ्याला विचारा त्याची किंमत. इन्सुलिन प्रोटीन आहे, जठरातलं अ‍ॅसिड आणि पेप्सिन हे प्रोटीन पचवणारं एन्झाइम त्याची वाट लावतात. अमेरिकेत निकोलस पेपास यांच्या गटाने मेथाक्रिलिक अ‍ॅसिडला पॉलिइथिलीन ग्लायकॉलच्या साखळ्या जोडून त्यासाठी जेल बनवलं. पण जठर पार झालं म्हणजे जिंकलं असं नाही, आतड्यात ट्रिप्सिन हे तसंच एन्झाइम पुढे आहेच आणि एवढा मोठा रेणू आतड्याच्या भिंतीतून रक्तात फारच थोडा जातो, खरी अडचण इथेच आहे.

शिवाय पीएच सगळ्यांचा सारखा नसतो, जेवल्यावर जठरातला वाढतो, पँटोप्राझोलसारखी अ‍ॅसिडिटीची गोळी चालू असेल तर अजूनच वाढतो, मग जेल आधीच उघडू शकतं. अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होणारा आजार) तर मोठ्या आतड्यातला पीएच कधीकधी खाली गेलेला असतो, म्हणून तिथलं औषध द्यायला काही जेलमध्ये असे अझो बंध (दोन नायट्रोजन अणूंमधले बंध) घालतात जे तिथले बॅक्टेरियाच तोडतात.