आधी गरज की आधी गुणवत्ता? एनएफएल ड्राफ्टमागचा इतिहास

अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये दर एप्रिलमध्ये ३२ संघ कॉलेजमधून बाहेर पडणारे खेळाडू आळीपाळीने निवडतात. या निवडीला ड्राफ्ट म्हणतात. एकूण ७ फेऱ्या होतात आणि मागच्या हंगामात सगळ्यात जास्त मार खाल्लेल्या संघाला सहसा पहिली संधी मिळते. आयपीएलच्या लिलावाची सवय असलेल्या आपल्याला हे विचित्र वाटतं, कारण इथे बोलीच लागत नाही. आपला क्रमांक आला की नाव सांगायचं, एवढंच. त्यामुळे सगळा वाद त्या एका नावावर येऊन ठेपतो. ज्या जागेवर आपल्याकडे माणूस नाही त्या जागेचा खेळाडू घ्यायचा, की यादीत उरलेल्यांतला सगळ्यात चांगला?

ड्राफ्ट सुरू झाला तेव्हा असा वाद घालण्याइतकी माहितीही कुणाकडे नव्हती. फिलाडेल्फिया ईगल्सचे मालक बर्ट बेल यांना स्टॅन कोस्टका नावाचा मिनेसोटाचा खेळाडू हवा होता. चढाओढीत तो ब्रुकलिनच्या संघाने पळवला. श्रीमंत संघ असेच सगळे चांगले खेळाडू उचलत राहिले तर लीगच बुडेल, हे बेल यांनी १९३५ मध्ये इतर मालकांच्या गळी उतरवलं. ८ फेब्रुवारी १९३६ रोजी फिलाडेल्फियातल्या रिट्झ-कार्लटन हॉटेलात ९ संघांनी ९ फेऱ्यांत ८१ जणांची नावं घेतली. फळ्यावर जेमतेम नव्वद नावं होती. पहिला मान शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगरला मिळाला, पण त्याने मागितलेला पैसा कुणी दिला नाही आणि तो एनएफएलमध्ये एकही सामना खेळला नाही. निवडलेल्यांपैकी बहुतेकांनी दुसरीच नोकरी पत्करली. फुटबॉलमध्ये तेव्हा होतं काय म्हणा!

पारख करणं हा स्वतंत्र उद्योग व्हायला त्यानंतर बराच काळ गेला. न्यूयॉर्क जायंट्सच्या मालकांचा मुलगा वेलिंग्टन मारा गावोगावची वर्तमानपत्रं आणि मासिकं मागवून नोंदी ठेवायचा, आणि तेवढ्यानेच जायंट्स इतरांच्या पुढे होते. १९४० च्या दशकात रॅम्स संघाने एडी कोटल यांना कॉलेजं पालथी घालायच्या कामावर ठेवलं. रॅम्सनेच १९४९ मध्ये ग्रॅम्बलिंग या कृष्णवर्णीयांच्या कॉलेजातून टँक यंगरला आणलं. अशा कॉलेजातून एनएफएलमध्ये आलेला तो पहिला खेळाडू. ड्राफ्टमध्ये त्याला कुणी निवडलंच नव्हतं.

पुढच्या टप्प्यात एक भारतीय माणूस आहे. डॅलस काउबॉइज संघाचे सरव्यवस्थापक टेक्स श्रॅम यांनी १९६० च्या हिवाळी ऑलिंपिकमध्ये आयबीएमची यंत्रं निकाल कसे लावतात ते पाहिलं होतं. स्काउटांच्या, म्हणजे संघासाठी खेळाडू पारखणाऱ्यांच्या, आवडीनिवडी बाजूला ठेवून खेळाडू तोलता येतील का, असा प्रश्न घेऊन ते आयबीएमच्या उपकंपनीकडे गेले आणि काम आलं सलाम कुरेशी यांच्याकडे. कुरेशी भारतातून गेलेले संख्याशास्त्रज्ञ होते. त्यांना क्रिकेट कळायचं, अमेरिकन फुटबॉल अजिबात नाही. बहुधा त्याचाच फायदा झाला. त्यांनी शेकडो गुणविशेषांची यादी छाटत चपळाई, ताकद, चढाओढीची वृत्ती, तल्लख बुद्धी आणि स्वभाव अशा पाच गोष्टींवर आणली आणि प्रत्येक स्काउटला एकाच मोजपट्टीवर गुण द्यायला लावले. त्याआधी एकाचा ‘चपळ’ दुसऱ्याच्या लेखी मंद असायचा.

तरीही यंत्रात भरायची माहिती माणसानेच जाऊन आणायची होती, आणि मला वाटतं खरा फरक तिथे पडला. बिल नन हे पिट्सबर्गच्या कृष्णवर्णीय वाचकांच्या ‘पिट्सबर्ग कुरिअर’मधले क्रीडा पत्रकार. इतर संघ ज्या कॉलेजांकडे फिरकतही नसत, तिथल्या प्रशिक्षकांशी त्यांची वर्षानुवर्षांची ओळख होती. पिट्सबर्गच्याच स्टीलर्स संघाने त्यांना १९६० च्या दशकाच्या शेवटी बरोबर घेतलं. १९७४ च्या ड्राफ्टआधी अलाबामा ए अँड एमच्या जॉन स्टॉलवर्थची धाव ओल्या मैदानावर मोजली गेली आणि वेळ वाईट आली. नन आजारपणाचं निमित्त करून मागे राहिले, त्यांनी कोरड्या जागी पुन्हा वेळ घेतली आणि ती स्वतःजवळ ठेवली, असं सांगतात. स्टॉलवर्थ चौथ्या फेरीत मिळाला. त्याच वर्षी स्टीलर्सने लिन स्वान, जॅक लॅम्बर्ट आणि माइक वेबस्टरही निवडले, शिवाय ड्राफ्टबाहेरून डॉनी शेल आणला. पाचही जण पुढे हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे महान मंडळींच्या मानाच्या यादीत, गेले. एका ड्राफ्टमधून असे चार जण मिळवणं दुसऱ्या कुणाला जमलेलं नाही. नन यांचा स्वतःचा मान मात्र २०२१ पर्यंत, म्हणजे त्यांच्या मृत्यूनंतर, रखडला.

दरम्यान खर्च वाचवायला काही संघांनी मिळून स्काउट पोसायला सुरुवात केली होती. त्यातूनच १९८२ मध्ये टँपा इथे एकत्रित शिबिर भरलं. मूळ हेतू वैद्यकीय तपासणीचा होता. एकाच खेळाडूचा गुडघा प्रत्येक संघाने वेगळा का तपासायचा? १९८७ पासून हे शिबिर इंडियानापोलिसला भरतं आणि तिथली ४० यार्डांची धाव आता टीव्हीवर दिसते. या आकड्यांनी भल्याभल्यांना चकवलं. १९९५ मध्ये ईगल्सने शिबिरात चमकलेल्या माइक मामुलासाठी आपल्या निवडी दुसऱ्या संघाला देऊन, वर सरकून सातव्या क्रमांकावर त्याला घेतलं. वॉरन सॅप बाराव्या क्रमांकापर्यंत तसाच उरला आणि पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेला. उलट पुढे महान क्वार्टरबॅक (चेंडू फेकून चढाई चालवणारा खेळाडू) ठरलेला टॉम ब्रेडी २००० मध्ये ५.२८ सेकंदांत धावला आणि १९९ व्या क्रमांकापर्यंत वाट पाहत बसला.

अर्थतज्ज्ञ रिचर्ड थेलर आणि केड मॅसी यांनी जुने ड्राफ्ट तपासले तेव्हा दिसलं की आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेच्या पुढच्या खेळाडूपेक्षा सरस ठरण्याची शक्यता साधारण ५२ टक्केच असते. इतकी अंधूक नजर असताना गरजेपोटी वर सरकण्यासाठी निवडी उधळणं महागात पडतं, असा त्यांचा निष्कर्ष होता.

त्यातून गरज मोजायची तरी कोणत्या वर्षीची? २००५ मध्ये क्वार्टरबॅक ब्रेट फाव्हर खेळत असताना ग्रीन बे पॅकर्सने २४ व्या क्रमांकावर आणखी एक क्वार्टरबॅक, ॲरन रॉजर्स, घेतला. तीन वर्षं तो बाकावर बसला, मग त्याने त्यांना सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला. २०११ च्या करारात नवख्यांच्या पगाराला मर्यादा आली आणि तरुण क्वार्टरबॅक स्वस्त झाला, तशी क्वार्टरबॅक लवकर घेण्याची घाई वाढली. २०२४ मध्ये पहिल्या १२ निवडींत ६ क्वार्टरबॅक गेले. त्यातला मायकल पेनिक्स आठव्या क्रमांकावर अटलांटा फाल्कन्सने घेतला. याच संघाने दीडेक महिन्यापूर्वी क्वार्टरबॅक कर्क कझिन्सशी १८ कोटी डॉलरपर्यंत जाणारा चार वर्षांचा करार केला होता, त्यामुळे निवडीच्या रात्री फाल्कन्सची यथेच्छ टिंगल झाली. डिसेंबरमध्ये कझिन्सला बसवून पेनिक्सला उतरवावं लागलं.