कालवडीचा श्वास मोजताना

मागच्या एप्रिलमध्ये भिवंडीकडच्या खाडीपट्ट्यात ताईच्या गावच्या जत्रेला जनावरांचं प्रदर्शन होतं, आणि माझी सातवीतली भाची पहिल्यांदाच आपली कालवड घेऊन उतरणार होती म्हणून मी ठाण्याहून सकाळीच निघालो. कालवड संकरित, एचएफ म्हणजे होल्स्टीन फ्रिजियन या परदेशी जातीच्या रक्ताची, काळीपांढरी. प्रदर्शन नऊला सुरू होणार होतं पण पाहुणे यायला उशीर झाला आणि साडेबारा वाजले तरी सगळी पोरं दावी धरून उन्हात उभीच. मोबाईलवर टेम्परेचर बघितलं तर ३४. मला वाटलं, एवढं काय, विदर्भात तर चाळीसच्या वर असतं.

हाच हिशोब आपला चुकतो. घाम आल्याने अंग गार होत नाही, तो सुकल्याने होतं. एक लिटर घाम सुकताना अंगातली जवळजवळ ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, पण खाडीकाठच्या दमट हवेत तो सुकतच नाही, नुसता टपकतो, आणि टपकलेला घाम फुकट गेला. जनावरांसाठी तापमान आणि आर्द्रता एकत्र धरून एक निर्देशांक काढतात, दुभत्या गायीला तो साधारण ७२ च्या पुढे गेला की त्रास सुरू होतो. त्यात ४० अंश आणि २० टक्के आर्द्रता टाकली की ८४ येतो, आणि आपले ३४ अंश आणि ६५ टक्के टाकले की ८६! म्हणजे आपलं ३४ हे कोरड्या चाळीसपेक्षा वाईट. १६ एप्रिल २०२३ ला खारघरच्या उघड्या मैदानावर उष्माघाताने माणसं गेली तेव्हाही पारा ३८ च्या आसपासच होता.

गायीचं आणखी एक असतं. तिच्या पोटातच चूल पेटलेली असते. पहिलं मोठं पोट, ज्याला कोटीपोट म्हणतात, त्यात मोठ्या गायीचा शंभर लिटरच्या वर ऐवज असतो आणि त्यात जंतू वैरण आंबवत बसलेले असतात, त्याची उष्णता रात्रंदिवस निघत राहते. थंड देशातल्या एचएफला ही उष्णता बाहेर टाकणं जड जातं. आपल्या गीर किंवा डांगी अशा देशी गायीची कातडी सैल, गळ्याखाली लोंबती पोळी, केस आखूड, घामाच्या ग्रंथी मोठ्या, म्हणून ती त्याच मैदानावर रवंथ करत उभी राहते. म्हशीचं तर विचारूच नका, काळी कातडी आणि घाम कमी, तिला डुंबायला पाणीच लागतं.

घाम पुरेना झाला की गाय श्वास वाढवते. मी भाचीला म्हटलं, बरगडीच्या मागे कुशीकडे बघ, वर गेली खाली आली की एक. मोबाईलवर अर्धं मिनिट लावलं. ४४ झाले. म्हणजे मिनिटाला ८८, आणि ६० च्या पुढेच सावध व्हायला पाहिजे. तोंडातून लाळेची तार सुटून भाचीच्या चपलेवर पडत होती. ही लाळ वाया जाणं वाईट, कारण तिच्यातला सोडा पोटातलं आम्ल सांभाळतो, तो गेला की उन्हानंतर जनावर चारा सोडतं.

आणि भाची? तिच्या बाटलीतलं सगळं पाणी तिने कालवडीच्या डोक्यावर ओतलं होतं, स्वतः सकाळपासून एक घोट नाही. मुलांना घाम मोठ्यांपेक्षा कमी येतो, वजनाच्या मानाने कातडी जास्त म्हणून कडक उन्हात बाहेरची उष्णता लवकर आत शिरते, त्यात सगळं लक्ष जनावरावर, मग तहान कुठून आठवणार. डोकं दुखतंय का विचारलं तर नाही म्हणाली, पण चेहरा लालबुंद. मी काही न विचारता दावं तिच्या हातातून घेतलं आणि आम्ही रांग सोडली.

मांडवाच्या पत्र्याखाली नाही गेलो, तापलेला पत्रा खालीसुद्धा उष्णता फेकतो. चिंचेखाली गेलो. कोणीतरी ओलं गोणपाट पाठीवर टाकायला आणलं, वारा असेल तर ते चालतं, पण वारा पडलेला असताना तेच गोणपाट वाफ अडवून ठेवतं, म्हणून ते काढलं आणि बादलीने मान, पाय, पोट अगदी कातडीपर्यंत भिजवलं आणि दोघांनी पुठ्ठ्याने वारा घातला. वरवर शिंपडलं तर नुसते केस ओले होतात. कालवड दोन बादल्या प्यायली. भाचीला ताईने लिंबू-मीठ-साखरेचं पाणी दिलं, घोटघोट.

मला वाटलं झालं आता, पण जनावराचं अंग बाहेरच्या हवेच्या मागे तीन-चार तास चालतं, ऊन उतरलं तरी ते तापतच राहतं. म्हणून ताईला सांगितलं, वैरण आत्ता नको, खाल्ल्यावर पोटातली चूल आणखी भडकते, रात्री गारव्याला टाक. सातला मी निघालो तेव्हा श्वास ६८ होता. दहा वाजता घरी जेवत असताना भाचीचा फोन आला, मामा, चाळीसवर आली, आता टाकू का?