काचेवरची वाफ: आतली की बाहेरची?

जुलैत महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरताना हा प्रकार हमखास होतो. वर, साडेतेराशे मीटर उंचीवर, हवा १८-२० अंशांची, गाडीत चार भिजलेली माणसं आणि समोरची काच पांढरीफटक. चालवणारा एसी लावतो, हवा काचेवर वळवतो, नॉब पार निळ्या टोकाला नेतो. मिनिटाभरात काच लख्ख. उपाय सापडला म्हणून तो सगळं तसंच ठेवून उतरत राहतो. निम्मा घाट संपतो, हवा कोमट आणि चिकट व्हायला लागते, आणि काच पुन्हा धुरकटते. तो ब्लोअर आणखी वाढवतो. काच आणखी पांढरी होते. मघाशी ज्या उपायाने काच साफ झाली होती, तोच आता ती झाकतोय, आणि पुढे वळण आहे.

वर धरलेली वाफ काचेच्या आतून होती. खाली धरलेली बाहेरून आहे. गाडीत बसून दोन्ही अगदी सारख्याच दिसतात, आणि घोळ होतो तो तिथेच.

स्वयंपाकघरात आपण हे दोन्ही प्रकार रोज बघतो. भाताच्या पातेल्यावरचं झाकण उचललं की थेंब खालच्या बाजूने लोंबत असतात. वाफ आत आहे, झाकण त्या मानाने गार आहे, म्हणून पाणी आत धरतं. फ्रिजमधल्या पाण्याने भरलेला तांब्या ओट्यावर ठेवला की त्याला घाम फुटतो तो बाहेरून, कारण गारवा आत आणि ओल बाहेरच्या हवेत. महाबळेश्वरला तुमची गाडी पातेलं असते. पोलादपूरला ती तांब्या होते.

ओळखायला एक बोट पुरतं. काचेवर आतून बोट ओढा. रेघ उमटली, बोट ओलं झालं, तर वाफ आतली. बोट कोरडं राहिलं तर बाहेरची. पाऊस नसेल तर वायपरचा एक फटकारा मारूनही कळतं: पातं फिरलं तेवढा पट्टा स्वच्छ झाला म्हणजे ओल बाहेर होती. आणखी एक खूण मी नेहमी बघतो. बाहेरची वाफ बहुतेकदा काचेच्या खालच्या भागातून, जिथे डॅशबोर्डमधली गार हवा काचेला थेट लागते तिथून वर पसरते. आतली वाफ सगळ्या काचांवर धरते, मागच्या बाकड्यावर माणसं दाटीने बसली असतील तर मागच्या बाजूला जास्तच.

आता आतल्या वाफेकडे जरा सविस्तर बघू, कारण आपल्याकडे पावसाळ्यात जास्त त्रास तिचाच होतो. २० अंश तापमानाच्या एक घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम बाष्प मावतं. ३० अंशांना हाच आकडा ३० ग्रॅमपर्यंत जातो. साध्या गाडीच्या आतली जागा धरा तीन घनमीटर, म्हणजे २० अंशांना तिथे फार तर पन्नासेक ग्रॅम बाष्प राहू शकतं. नुसत्या बसलेल्या माणसाच्या श्वासातून आणि अंगातून तासाला साधारण ५० ग्रॅम ओल बाहेर पडते. चौघं बसलेत, काचा बंद आहेत, तर गाडी पाव तासात काठोकाठ भरते. ओल्या छत्र्या, चिंब रेनकोट आणि पायाखालचं मॅट अजून हिशोबात धरलेलंच नाही. हे जास्तीचं बाष्प सगळ्यात गार जागा शोधतं. ती जागा म्हणजे काच, तिच्यावरून बाहेर पाऊस वाहतोय.

म्हणून आतल्या वाफेवर दोनच गोष्टी चालतात: ओल बाहेर काढणं आणि काच गरम करणं. ओल काढण्याचं काम एसी करतो. एसी म्हणजे गारवा, असं आपल्या मनात घट्ट बसलंय, पण त्याचं दुसरं काम इथे जास्त मोलाचं आहे. डॅशबोर्डच्या आत एक गार जाळी असते, गोठणबिंदूच्या थोडीच वर ठेवलेली. हवा तिच्यातून जाताना आपलं बाष्प तिथे सोडते आणि कोरडी होऊन पुढे येते. उभ्या गाडीखाली एसीच्या पाण्याचं थारोळं साचतं ना, ते हेच. आणि ही जाळी ओलांडल्यावर हवा हीटरवरून नेता येते. एसीचं बटण हवा कोरडी करतं, निळा-लाल नॉब तिचं तापमान ठरवतो. ही दोन वेगळी कामं आहेत आणि दोन्ही एकाच वेळी चालतात. एसीचा दिवा लागलेला आणि नॉब लालकडे झुकलेला, हे दृश्य पाहून बरेचजण म्हणतात, ‘अरे, एक काहीतरी ठरव!’ पण काच साफ करायला याहून चांगली जोडी नाही. कोरडी आणि कोमट हवा काचेवरची ओल झपाट्याने पिते.

तिसरं बटण विसरतं ते हवेचं. गाडीच्या आकृतीत गोल वळलेला बाण असतो, तो म्हणजे आतलीच हवा फिरवणं. उन्हाळ्यात गाडी लवकर गार व्हावी म्हणून आपण तो चालू करतो आणि जून उजाडला तरी तो तसाच असतो. मग चौघांचे श्वास आतल्या आत फिरत राहतात. एसी बंद असेल तर काच पांढरी व्हायला वेळ लागत नाही, आणि लांबच्या प्रवासात कोंदट हवेने डुलकी येते ती वेगळीच. काचेवर वाफ धरली की हा बाण बंद करून बाहेरची हवा आत घ्यायची. बाहेर पाऊस आहे, मग ती हवा दमट नाही का? दमट आहेच. पण घाटमाथ्यावर ती गार आहे, आणि गार हवेत एकूण बाष्प कमी मावतं. आत येऊन ती जाळीवर सुकते, हीटरवर तापते, आणि काच कोरडी करायला तयार होते.

घाट चढताना एसी बंद करण्याची आपल्याकडे जुनी सवय आहे, इंजिनावर ताण नको म्हणून. लहान इंजिनाच्या, माणसांनी भरलेल्या गाडीत त्यात तथ्यही आहे. पण पावसात हे करताना एक धोका असतो. एसी बंद झाला तरी ती जाळी पाण्याने निथळत असते. ब्लोअर चालूच राहतो, गारवा ओसरतो, आणि जाळीवरचं सगळं पाणी बाष्प होऊन पुन्हा गाडीत आणि काचेवर येतं. क्षणापूर्वी लख्ख असलेली काच बघता बघता झाकली जाते, तीही नेमकी चढावर, समोरून एसटी येत असताना. पावसाळी घाटात एसी चालूच ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. पेट्रोल थोडं जळू द्या.

बाहेरच्या वाफेची गोष्ट त्या मानाने छोटी. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्यात हवेत इतकी ओल असते की एखादी वस्तू २४-२५ अंशांच्या खाली गेली की तिच्यावर पाणी धरू लागतं. नॉब पार निळ्याला आणि हवा काचेवर, असं केलं की आतून येणारा झोत १० अंशांच्या आसपासचा असतो. काच गार पडते आणि बाहेरून घामेजते. एसी गाडीतून उतरताच चष्मा आंधळा होतो, तोच हा प्रकार. उपाय उलट दिशेने: वायपर फिरवा, हवा काचेवरून काढून तोंडाकडे किंवा पायाकडे वळवा, आणि नॉब थोडा लालकडे न्या. एसी बंद करायची गरज नाही, फक्त काच गार करणं थांबवायचं. बाजूच्या काचांना मात्र वायपर नसतो. कडेच्या झरोक्यातला झोत खिडकीवर रोखलेला असेल तर तो वळवा, नाहीतर बाहेरचा आरसाच दिसेनासा होतो.

वाफ कुठली ते ठरवायला उसंत नसेल, अंधार असेल, मागून हॉर्न वाजत असतील, तेव्हा एवढं लक्षात ठेवा: एसी चालू, बाहेरची हवा, झोत काचेवर, नॉब कोमट. कोरडी हवा आतली ओल घेते आणि कोमट काचेवर बाहेरूनही पाणी धरत नाही. दोन्ही वाफांवर चालणारी हीच एक जुळणी आहे. निळं टोक फक्त आतल्या वाफेवर चालतं, आणि तेही थोडाच वेळ.

यासाठी बहुतेक गाड्यांत एक तयार बटणही असतं, पण तिथे पुन्हा जोडीचा घोळ. पंख्यासारखी वर रुंदावलेली, वक्र कडांची आकृती आणि तिच्यात नागमोडी बाण, ते पुढच्या काचेचं. सरळ चौकोनातले तसेच बाण मागच्या काचेचे. पुढचं बटण हवेवर चालतं. अनेक गाड्यांत ते दाबलं की एसी आपोआप सुरू होतो आणि आतली हवा फिरवणं बंद होतं. मागचं विजेवर चालतं: काचेतल्या आडव्या रेषा म्हणजे तारा, त्या तापतात आणि वाफ आतली असो वा बाहेरची, उडवतात. त्यांना वीज बरीच लागते, म्हणून पुष्कळ गाड्यांत हे बटण ठरावीक मिनिटांनी आपणहून बंद होतं. ते बिघाडाचं लक्षण नव्हे. त्या रेषांवर स्टिकर चिकटवून मग खरवडू नका. एक तार तुटली की तेवढा पट्टा कायमचा ओला राहतो.

थंडीत दोन्ही वाफा एकदम भेटतात. निफाडला डिसेंबरातल्या पहाटे अंगणात उभ्या गाडीच्या काचेवर बाहेरून दव असतं, आणि आत बसून चार श्वास सोडले की आतूनही काच धुरकटते. बाहेरचं दव वायपरने जातं. आतल्यासाठी हीटर हवा, पण तो इंजिनाच्या तापलेल्या पाण्यावर चालत असल्याने सुरुवातीची काही मिनिटं गारच हवा देतो. तेवढ्या वेळात एसी आणि बाहेरची हवा यांवर काम भागवायचं. कॅनडा-अमेरिकेत गेलेली आपली माणसं पहिल्या हिवाळ्यात ‘थंडीत एसी कशाला’ म्हणून तो बंद ठेवतात आणि ऊब टिकावी म्हणून आतलीच हवा फिरवतात. बुटांवरचा बर्फ वितळतो आणि काचा झाकल्या जातात. उणे १० अंशांच्या हवेत घनमीटरला जेमतेम दोन-अडीच ग्रॅम बाष्प असतं. इतकी कोरडी हवा दाराबाहेर फुकट उभी असताना तिला आत घ्यायला हवं. कडाक्याच्या थंडीत गाडी एसीचा कॉम्प्रेसर चालूच देत नाही, तेव्हा तर हाच मार्ग उरतो.

तळहाताने काच पुसणं मात्र टाळा. हाताचं तेल काचेला लागतं, आणि रात्री समोरच्या दिव्यांत त्याचे फराटे डोळ्यांत घुसतात. काचेला आतून तसाही एक तेलकट थर चढतच असतो, उन्हात तापलेल्या डॅशबोर्डच्या प्लास्टिकमधून. अशा मळकट काचेवर वाफ लवकर धरते आणि जायला वेळ लावते. मे संपता संपता ती आतून एकदा नीट पुसून घ्या: आधी काचेच्या क्लीनरने आणि मऊ फडक्याने, मग दुसऱ्या कोरड्या फडक्याने. डॅशबोर्ड आणि काच जिथे भेटतात, तिथे हात पोचत नाही. तिथे फडकं पट्टीला गुंडाळून फिरवा. झोत पहिल्यांदा लागतो तो तिथेच.