खासरा पत्रक व जमीन-हस्तांतरण (मराठवाडा)

मराठवाड्यातील शेतजमिनीच्या मालकीचा माग काढताना ज्या जुन्या अभिलेखाला सर्वाधिक वजन दिले जाते, ते १९५४-५५ च्या सुमाराचे गाववार खासरा पत्रक. ‘खासरा पाहणी पत्रक’ असेही त्याचे नाव आढळते. हा प्रदेश सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या आणि १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्याच्या महसुली व्यवस्थेत होता. त्यामुळे सातबारा मागे नेत गेले, की तो बहुधा याच पत्रकाशी येऊन थांबतो. त्याआधीचे कागद वेगळ्या नमुन्यात, वेगळ्या सनात आणि बहुतांशी उर्दूत असतात. पट्टेदार (सरकारदरबारी जमीन ज्याच्या नावे असे तो), शिकमीदार (पट्टेदाराबरोबर जमिनीत हक्क असणारा), गिरदावर हे शब्द त्याच व्यवस्थेतले. मंडळ अधिकाऱ्याला ‘गिरदावर’ म्हणणारी जुनी माणसे अजूनही आहेत.

‘खासरा’ हा फार्सी-उर्दू महसुली परिभाषेतला शब्द असून उत्तर हिंदुस्थानात तो शेतनिहाय नोंदवहीसाठी वापरला जातो. मराठवाड्यातील पत्रकाच्या कायदेशीर स्वरूपाविषयी मात्र एकमत नाही. एका मतानुसार ते १३५८ फसलीच्या (फसली हा निजामाचा महसुली सन) हैदराबाद हक्कनोंद विनियमाखाली तयार झालेले मूळ हक्कपत्रकच आहे. दुसऱ्या मतानुसार ती मुख्यतः वहिवाटीची पाहणी असून मालकीसाठी केवळ पूरक पुरावा ठरते. पत्रकात पट्टेदार आणि प्रत्यक्ष कब्जेदार यांच्या नोंदी वेगवेगळ्या घेतल्या आहेत, हे पाहता दोन्ही बाजूंना आधार मिळतो. व्यवहारात सावध वकील एकट्या खासऱ्यावर भिस्त ठेवत नाहीत. सेतवार (भूमापनातील क्षेत्र व पट्टेदाराची नोंद), खासरा आणि पहिला सातबारा ही तिन्ही समोरासमोर ठेवून क्षेत्र व नाव जुळते का, हे ते पाहतात. आणि हीच रीत अधिक भरवशाची वाटते. तिन्हींत क्षेत्र जुळत नसेल, तर फरक बहुधा पोटखराब्यात (लागवडीस अयोग्य क्षेत्रात) किंवा एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबरांचे गट पाडताना झालेल्या चुकीत सापडतो.

जुन्या कागदांवरील सन वाचताना चूक हमखास होते. हैदराबादचे फसली वर्ष आजूर महिन्यापासून, म्हणजे साधारण ६ ऑक्टोबरला सुरू होई. म्हणून इसवी सन काढताना फसलीत सरसकट ५९० मिळवणे बरोबर नाही. आजूर, दै आणि बहमनचे बहुतेक दिवस एवढ्यांनाच ५९० लागू पडतात. त्यापुढच्या महिन्यांना ५९१ मिळवावे लागतात. उदाहरणार्थ, जहागिरी रद्द करणारा विनियम १३५८ फसलीचा, पण तो ऑगस्ट १९४९ मधला. दस्त आधीचा की नोंद आधीची, हा वाद असेल तर या एका वर्षाने निकाल फिरू शकतो.

खरेदीपूर्वी सातबाऱ्यावरील ‘इतर अधिकार’ हा रकाना सर्वांत बारकाईने वाचावा लागतो. हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम, १९५० हा १० जून १९५० पासून लागू झाला. त्यातील कलम ३८-ई खाली संरक्षित कुळांकडे मालकी गेली, आणि अशा जमिनी विकण्यावर कलम ५०-ब चे बंधन आले. २०१४ च्या दुरुस्तीने कुळाच्या खरेदीला १० वर्षे उलटलेली असल्यास पूर्वपरवानगीची गरज उरली नाही. तरी आकारणीच्या ४० पट रक्कम शासनाकडे भरावी लागते, घेणारा शेतकरी असावा लागतो, आणि त्याची धारणा कमाल मर्यादेत राहावी लागते. रक्कम भरल्याची पावती नाही म्हणून फेरफार अडल्याची प्रकरणे या भागात नेहमीची आहेत.

इनाम जमिनींचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा. हैदराबाद इनामे व रोख अनुदाने रद्द करणारा कायदा १९५४ चा. त्यात मदतमाश आणि खिदमतमाश हा भेद निर्णायक ठरतो : पहिली इनामे व्यक्तीच्या उदरनिर्वाहासाठी, दुसरी मशीद, दर्गा, देवस्थान यांच्या सेवेसाठी. मदतमाश जमीन नजराणा भरून नियमित करून घेता येते. खिदमतमाश जमीन मात्र सेवेकऱ्याच्या नावावर दिसली, तरी ती विकण्याचा त्याला सहसा अधिकार नसतो, आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या वहिवाटीनेही तो आपोआप मिळत नाही. मूळ अनुदान कोणते होते हे अतियात (इनामे व अनुदाने यांच्या) चौकशीच्या मुंतखबातून, म्हणजे निर्णयपत्रातून, कळते; त्याचा अधिकृत मराठी तरजुमा करून घेतल्याशिवाय इसार देऊ नये. सीलिंगमध्ये (कमाल जमीनधारणा कायद्याखाली) वाटप झालेली जमीन आणि किनवटसारख्या भागातील आदिवासींची जमीन यांनाही जिल्हाधिकाऱ्यांची किंवा शासनाची परवानगी लागते. गायरानाचा तर सौदाच होत नाही.

पुढची प्रक्रिया महाराष्ट्रभर एकच आहे, म्हणून येथे थोडक्यात. सौदाचिठ्ठी किंवा साठेखताने मालकी जात नाही (मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२, कलम ५४). ती नोंदणीकृत खरेदीखतानेच जाते. मुखत्यारपत्रावर विक्री पूर्ण होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केले आहे. दस्त सही झाल्यापासून ४ महिन्यांत नोंदणीसाठी सादर व्हावा लागतो. नोंदणी फी १ टक्का, कमाल ३०,००० रुपये. दुय्यम निबंधकाकडून माहिती आल्यावर ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी) गाव नमुना ६ मध्ये फेरफार धरतात. हितसंबंधितांना नोटिसा जातात, हरकतीसाठी १५ दिवस असतात, आणि मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त नोंदवहीत जाते. निर्णयाविरुद्ध उपविभागीय अधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील आहे. फेरफार हा महसूल वसुलीसाठीचा अभिलेख आहे. तो मंजूर झाला म्हणून सदोष मालकी निर्दोष होत नाही. उलट, खरेदीखत शाबूत असताना फेरफार नामंजूर झाला तरी मालकी जात नाही.

बहुतेक फसगत सामाईक गटात होते. समजा, गट ३ हेक्टर २४ आर आहे, त्यात १२ आर पोटखराबा, आणि भोगवटादार म्हणून तीन भावांची सामाईक नावे. धाकट्याने ‘पूर्वेकडील १ हेक्टर’ चतुःसीमा घालून विकला. हिश्श्याने त्याच्या वाट्याला १ हेक्टर ८ आर येतात, म्हणून क्षेत्रात चूक दिसत नाही. पण सरस-निरस (जमिनीची प्रत पाहून हद्दी ठरवणारी) वाटणी झालेली नसल्याने पूर्वेची बाजू त्याचीच, असे म्हणण्याचा आधार नाही. विहीर मध्यभागी असेल तर तंटा ठरलेलाच. घेणाऱ्याला मिळतो तो अविभक्त हिस्सा आणि वाटणी मागण्याचा हक्क, ताबा नव्हे. वडिलोपार्जित जमिनीत बहिणींची सही राहिली असेल तर अडचण दुप्पट : हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने मुलीला जन्मतः हिस्सा आहे, आणि त्यासाठी वडील त्या वेळी हयात असण्याची गरज नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालाने पक्के झाले. म्हणून आधी संमतीने वाटणी (महसूल संहिता, कलम ८५), मग मोजणी, मग खरेदी हा क्रम सोयीचा.

लहान तुकड्यांबाबत २०२३ पासून प्रमाणभूत क्षेत्र (तुकडेबंदी कायद्यानुसार तुकड्याची किमान मर्यादा) बहुतेक जिल्ह्यांत जिरायतीला २० गुंठे, बागायतीला १० गुंठे आहे. गुंठा आणि आर व्यवहारात एकच धरतात, पण एकर ४०.४७ आरचा असल्याने मोठ्या क्षेत्रात फरक पडतो.

जुने कागद कोठे शोधावेत, यातही जिल्ह्यांच्या फेररचनेमुळे गफलत होते. जालना १९८१ मध्ये, लातूर १९८२ मध्ये आणि हिंगोली १९९९ मध्ये वेगळे झाले. त्यामुळे त्याआधीचे काही अभिलेख अनुक्रमे छत्रपती संभाजीनगर, धाराशिव आणि परभणी येथील अभिलेख कक्षांत असू शकतात. गावठाणातील घरांबाबत खासऱ्याचा उपयोग नाही. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा करआकारणीचा उतारा आहे, मालकीचा नव्हे. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेतील मोजणी पूर्ण झालेल्या गावांत मिळकत पत्रिका पाहावी.