नको असलेले बॅकस्लॅश येतात कुठून?

एचटीएमएल या वेबपानांच्या भाषेतला मजकूर मार्कडाउनमध्ये, म्हणजे साध्या चिन्हांनी मांडणी दाखवणाऱ्या लेखनपद्धतीत, आणला की `एकूण_रक्कम_यादी` चे `एकूण\_रक्कम\_यादी` होते, साध्या अवतरणचिन्हाआधी `\"` असा बॅकस्लॅश उभा राहतो आणि `[टीप]` चे `\[टीप\]` बनते. यातला एकही बॅकस्लॅश बहुतेक वेळा लागत नाही. रूपांतर करणाऱ्या प्रोग्रॅमचा निष्काळजीपणा म्हणून याकडे पाहिले जाते, पण कारण त्याहून जुने आहे.

बॅकस्लॅश हे चिन्ह बॉब बेमर यांच्या प्रयत्नाने 1961 च्या सुमारास आस्कीच्या, म्हणजे संगणकातल्या अक्षरांच्या प्रमाण संचाच्या, आराखड्यात आले. त्यामागचा हेतू अल्गोल या प्रोग्रॅमिंग भाषेतली ∧ (आणि) व ∨ (किंवा) ही चिन्हे `/\` आणि `\/` अशी जोडून लिहिता यावीत, हा होता. पुढे 1970 च्या दशकात ट्रॉफ हा मजकूर-मांडणीचा प्रोग्रॅम, सी ही प्रोग्रॅमिंग भाषा आणि डोनाल्ड कनुथ यांची टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली यांनी त्याला नवे काम दिले: यापुढचे चिन्ह नेहमीच्या अर्थाने घेऊ नका. चिन्हाचा खास अर्थ असा काढून घेणे म्हणजे ते एस्केप करणे. टेकमध्ये नेहमीच्या मांडणीत दहा चिन्हे विशेष आहेत आणि परिच्छेदात ती कुठेही आली तरी विशेषच राहतात. त्यामुळे प्रत्येक चिन्हासमोर त्याचे पर्यायी लेखन असलेला एक तक्ता केला की काम भागते. एक्सएमएल या माहिती मांडण्याच्या भाषेतही (1998) तसेच. `&` बदलून `&#38;` आणि `<` बदलून `&#60;` केले की झाले. तिथे `>` हे चिन्ह मजकुरात फक्त `]]` नंतर आले तरच बदलावे लागते, तरी बहुतेक प्रोग्रॅम ते सगळीकडे बदलतात. अनावश्यक एस्केपिंग तेव्हापासूनचे आहे. वाचणाऱ्याला ते दिसत नसल्याने कोणाला खटकले नाही, एवढेच.

जॉन ग्रुबर यांनी 2004 मध्ये मार्कडाउन आणले आणि तक्त्याची ही पद्धत अपुरी पडू लागली. इथे चिन्हाचा अर्थ जागेवरून ठरतो. `#` ओळीच्या सुरुवातीला मथळा, मध्ये नुसते चिन्ह. `+` ओळीच्या आरंभी यादी, मध्ये बेरीज. `5 * 3` मधल्या तारकेच्या दोन्ही बाजूंना मोकळी जागा आहे, म्हणून तिचा तिरप्या अक्षरांशी संबंध नाही. रूपांतरकांनी मात्र जुना तक्ताच पुढे चालवला.

अंडरस्कोरची गोष्ट वेगळी आहे आणि ती नीट समजून घ्यावी. मूळ मार्कडाउनमध्ये शब्दाच्या पोटातला अंडरस्कोरही अक्षरे तिरपी करत असे. म्हणजे `एकूण_रक्कम_यादी` मधली `रक्कम` खरोखरच तिरपी व्हायची आणि बॅकस्लॅश तेव्हा आवश्यक होता. गिटहब या कोड साठवण्याच्या संकेतस्थळाने 2009 मध्ये आपल्या प्रकारात ही वागणूक बदलली. 2014 च्या कॉमनमार्क या मार्कडाउनच्या काटेकोर नियमावलीने तर शब्दाच्या आतला अंडरस्कोर साधाच धरायचा, असा स्पष्ट नियम केला. जुना नियम गेला, बॅकस्लॅश राहिला. टर्नडाउन ही एचटीएमएलचे मार्कडाउन करणारी जावास्क्रिप्ट लायब्ररी अजूनही मजकुरातला प्रत्येक अंडरस्कोर एस्केप करते. तिचे एस्केप फंक्शन बदलण्याची सोय मात्र आहे.

«जास्तीचा बॅकस्लॅश निरुपद्रवी असतो» हे म्हणणे मार्कडाउनच्या एकाच बोलीपुरते, म्हणजे प्रकारापुरते, खरे आहे. ग्रुबर यांच्या दस्तऐवजात एस्केप करता येणारी 15 चिन्हे दिली आहेत. त्यांत अवतरणचिन्हे, `$` आणि `@` नाहीत. कॉमनमार्क आस्कीतली सर्व 32 विरामचिन्हे स्वीकारते. म्हणून एका ठिकाणी निमूट नाहीसा होणारा `\"` दुसरीकडे बॅकस्लॅशसकट छापला जातो. अ‍ॅस्कीडॉक ही मार्कडाउनसारखीच दुसरी लेखनपद्धत त्याहून कडक आहे: पुढचे चिन्ह त्या जागी खरोखर मार्कअप (मांडणीची खूण) ठरणार असेल तरच बॅकस्लॅश गळतो, नाहीतर तसाच दिसतो. तिथे अनावश्यक एस्केपिंग ही सरळ चूक आहे.

जॉन मॅकफार्लेन यांच्या पँडॉक या रूपांतरकात (2006) अवतरणचिन्हांमागे बॅकस्लॅश येतो तो एका तर्काने. त्याच्या स्वतःच्या मार्कडाउनमध्ये ‘स्मार्ट’ ही सोय चालू असते, म्हणजे सरळ अवतरणचिन्ह वाचताना वळणदार केले जाते. स्रोतात ते सरळच असेल तर तसे टिकवायला एस्केप करावेच लागते. आउटपुटच्या नावाला उणे चिन्ह लावून ‘स्मार्ट’ जोडले, किंवा आउटपुट म्हणून थेट कॉमनमार्क निवडले, की हे बॅकस्लॅश जातात.

मग रूपांतरक आजूबाजूला पाहत का नाही? कारण त्याच्या हातात मजकूर नसतो, झाड असते, म्हणजे मजकुराचे परिच्छेद, शब्द असे घटक एकात एक बसवलेली रचना. पँडॉकच्या झाडात शब्द आणि मोकळ्या जागा सुटे घटक असतात, आणि ओळी कुठे मोडायच्या हे नंतर, नेहमीच्या 72 स्तंभांच्या हिशेबाने ठरते. आता मधे असलेला `+` मोडणीनंतर ओळीच्या आरंभी आला तर परिच्छेद फुटून यादी होऊ शकते. कॉमनमार्कमध्ये `1986.` परिच्छेद तोडू शकत नाही, कारण ती मुभा फक्त 1 पासून सुरू होणाऱ्या यादीला आहे. पण परिच्छेदच `1986.` ने सुरू झाला तर बॅकस्लॅश हवाच. (देवनागरी अंकांना ही भीती नाही. यादीसाठी 0 ते 9 हेच अंक धरले जातात.)

हाच प्रश्न 2013 मध्ये विकिपीडियावर दृश्य संपादक (खुणा न लिहिता पान थेट बदलण्याची सोय) आला तेव्हा उभा राहिला. झाडाचे पुन्हा विकिमजकुरात (विकिपीडियाच्या खुणांच्या लेखनात) रूपांतर होताना गरज नसलेले ‘नोविकी’ टॅग (आतल्या खुणा साध्या समजा, असे सांगणारे) पानांत शिरू लागले. त्यामागच्या पार्सॉइड या प्रोग्रॅमने एक चांगली पद्धत वापरली: संपादकाने हात लावलेला भागच नव्याने लिहायचा, बाकीचा मूळ मजकुरातून जसाच्या तसा उचलायचा.

सर्वांत वाईट परिणाम दुहेरी रूपांतराचा. एस्केप केलेला मजकूर साधा मजकूर समजून पुन्हा रूपांतरित केला की बॅकस्लॅश स्वतःच एस्केप होतो: एकाचे 3, मग 7, मग 15. तसेच `&#38;` चे `&#38;#38;` होते.

साफसफाई करताना सगळे बॅकस्लॅश एकदम पुसू नयेत; कोडमधले, सूत्रांतले आणि ओळीच्या शेवटी सक्तीची ओळमोड दाखवणारे बॅकस्लॅश खरे असतात. खात्रीचा मार्ग म्हणजे एक बॅकस्लॅश काढायचा, जिथे मजकूर जाणार त्याच बोलीच्या पार्सरने (मजकूर वाचून झाड बनवणाऱ्या प्रोग्रॅमने) पुन्हा वाचायचे आणि झाड तेच आले तरच बदल कायम ठेवायचा. प्रत्येक चाचणी आधीच्या बदलांसकट झाली पाहिजे. `\*शब्द\*` मधला कोणताही एक बॅकस्लॅश काढला तरी झाड बदलत नाही, म्हणून सुटे तपासल्यास दोन्ही अनावश्यक ठरतात. दोन्ही काढले की शब्द तिरपा होतो.